पहिल्या मालकिणीची साक्ष

“वहिनी, ह्या परदेशी भंगाराला कोण विचारतंय? मी नेतोय, उपकार समजा.” असं म्हणत दलालाने तिच्या अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याची लाडकी जीप कवडीमोलाने नेली होती. नवरा गेला, पण तो आवाज नऊ वर्षं तिच्या कानात घरघरत राहिला.

आज तीच जीप नव्या हिरव्या रंगात तिच्या दाराशी उभी होती. दलालासोबत आलेल्या शौकीन गिऱ्हाइकाला पहिल्या मालकाच्या घरून खात्री हवी होती. “गाडी कधी ठोकली नाही, एवढंच सांगा ना वहिनी,” दलाल आर्जवाने कुजबुजला.

तिने बॉनेटवरून मायेने हात फिरवला.



“साहेब, दरीत पडून हिची चॅसी मधोमध तुटली होती. आमच्या ह्यांनी वेल्डिंग केलं, तेव्हा दोन्ही तुकडे मीच धरले होते.”