आजही जिंकले

रोज संध्याकाळी फोनवर ऋजुता बाबांना सांगायची, "आजही जिंकले!" खरं तर बुद्धिबळ शिबिराच्या पहिल्या पाच दिवसांत ती पाचही डाव हरली होती. सहाव्या, शेवटच्या दिवशी बाबा न कळवता आले आणि थेट भिंतीवरच्या गुणतक्त्यासमोर उभे राहिले.

पटाशी बसलेल्या ऋजुताने त्यांना पाहिलं. घोडा उचलायला गेलेला हात तसाच राहिला. ओळखीची पावलं मागे येऊन थांबली. मान वळवायचं तिला धाडस होईना. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

सहावा डावही ती हरली.

"कुठे चुकलं?" बाबांनी हळूच विचारलं.

सहा दिवसांत पहिल्यांदाच ती खरं बोलली, "भीती वाटते, बाबा. पहिल्या दिवसापासून."