एकाचे दोन

"कुठली रेघ जास्त काळी दिसते, आजी?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

समोर रेघांचं चक्र होतं, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखं. गोजरबाईला आडव्या रेघा लख्ख दिसत होत्या आणि उभ्या हातानं पुसल्यासारख्या. पण अख्ख्या काटेवाडीत जिची नजर घारीची म्हणून गाजलेली, तिनं हे कबूल करायचं कसं?

"छापणाऱ्याची शाई सरली आसंल," ती म्हणाली.

तिचा लेक संभाजी शेजारी बसला होता. डोकं ठणकतं, मोटारीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात, एवढं तिच्या तोंडून निसटलं आणि त्यानं आठ दिवस मागं लागून तिला बारामतीला आणलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी हातात लिंबू धरल्यासारखी बोटं करून सांगितलं. डोळ्याचा पुढचा पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. आजींचा एका बाजूनं जास्त वाकलाय. त्यामुळं उजेड एका जागी जुळत नाही, कडा पुसट होतात, कधी वस्तूच्या शेजारी तिचीच फिकी नक्कल उभी राहते. बहुतेक तरुणपणापासूनच असणार. चष्म्याला सिलिंडरचा नंबर लागेल.

"चुलीपाशी एक हाय तेवढा पुरं की. डोळ्यात कशाला आनखी?" गोजरबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. संभाजी मात्र पुढं सरकला.

"म्हंजी एका माणसाची दोन दिसत्याल?"

"लांबून, कमी उजेडात, तसा भास होऊ शकतो."

"अगदी दोन?" त्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी मान डोलावली.

गोजरबाईच्या तोंडातली पुढची चेष्टा तिथंच वाळून गेली.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कालव्याच्या चारीच्या पाण्याची पाळी तिची होती. वरच्या रानातला सोनबा दुपारी दोन तास पाणी मागायला आला; भेंडी माना टाकायला लागली म्हणाला. घरात सगळे द्या म्हणाले, गोजरबाईनं दिलं नाही. दिवस मावळताना ती बांधावर गेली, तर चारीच्या लोखंडी गेटावर दोन माणसं वाकलेली. पाणी सोनबाच्या रानाकडं वळलेलं. एकाच्या डोक्याला सोनबाचा पिवळा पटका. दुसरा त्याच्याच अंगलटीचा, म्हणजे त्याचा भाऊ सोपान, आणखी कोण? ती ओरडत पोचेस्तोवर तिथं कुत्रंसुद्धा नव्हतं. तिची टोमॅटोची रोपं त्या पाळीत वाळली.

दुसऱ्या दिवशी तिनं पारावर दोघांची नावं घेतली. पण सोपान त्या दिवशी इंदापुरात लग्नाला गेला होता. पन्नास माणसं त्याच्या पंगतीला होती. मग सोपानचं नाव खोटं तर सोनबाचंही खोटंच, असं गावानं ठरवून टाकलं. सोनबा खाली मान घालून उभा होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

हा सोनबा तिचा मानलेला भाऊ. तीस वर्षं तिनं त्याला ओवाळलेलं. गेल्या भाऊबीजेला तिनं ताटच केलं नाही, आणि त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता, हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

चष्मा आला आणि गोंधळ जास्तच वाढला. सपाट ओसरी उताराला लागली. दाराची चौकट कलली. म्हशीनं चिखलातून पाय उचलावा तशी ती चालू लागली. चष्मेवाल्यानं सांगितलं होतं, आठ दिवसांत नजर बसेल. ती बसेपर्यंत गोजरबाईच्या मनातलं मात्र सगळं उठलं. संकष्टीला तिला चंद्र एकच दिसला, कडेनं कापल्यासारखा. आजवर तिचा चंद्र नेहमी जोडीनं निघायचा. सगळ्यांना तसाच दिसत असेल असं धरून ती चाललेली.

मग गेटावर तरी दोन कुठले? आणि ज्या डोळ्यानं एकाचे दोन केले, त्यानं बाभळीच्या खुंटाचा सोनबा केला नसेल कशावरून? आपण भावावर आळ घेतला. ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पदर खोचून उठली.

संभाजीनं तिला अडवून पाहिलं. झालं गेलं, मामा काय मनात धरून बसलाय का, चष्मा तर बसू दे, असं कायकाय बोलला.

"चारचौघांत थुकले, तर चारचौघांतच गिळीन," गोजरबाई म्हणाली. "तू नुस्ता हात धर. रस्ता तिरपा दिसतूया."

सोनबाच्या खळ्यावर भेंडी निवडायला सात-आठ माणसं बसली होती. तिला बघून हात थांबले. संभाजीनं कोपराला धरलेलं, तशीच ती मधोमध उभी राहिली.

"सोनबा, दोष माज्या डोळ्याचा हुता. डॉक्टरनं कागद दिलाय. मला एकाची दोन दिसत्यात. तू तितं नव्हतासच, मी उगं तुजं नाव घातलं. आता काय बोलायचं ती बोल. पण यंदा ओवाळून घे."

सोनबा उठला, जवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज तिलाच ऐकू जाईल एवढा.

"डोळ्याला बोल लावू नगंस, अक्का. पाणी मीच वळवलं."

गोजरबाई सुटल्यासारखी म्हणाली, "म्हंजी तू एकटाच हुतास. दुसरा माज्या डोळ्यातला."

"ते गेट गंजून गच्च बसलंय. एकट्याला उचलत न्हाय."

"मग दुसरा कोण?"

सोनबाची नजर तिच्या शेजारी गेली. गोजरबाईच्या कोपराला धरलेला संभाजीचा हात हळूच सुटला.