बोल्टखालचा रंग

चिखलवाटांसाठी घेतलेल्या जुन्या जीपमध्ये हेरंबने दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं खरं, पण चावी फिरवली की हेडलाइट मंदावायचे आणि इंजिन ढिम्म! नवी बॅटरी आणून झाली, सगळं वायरिंग तीनदा तपासून झालं.

शेवटी त्याने अर्थिंगची वायर गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, जोडणारा बोल्ट खोलला. खाली चकचकीत हिरवा रंग! त्यातून करंट जाणार कसा? निवृत्तीनंतर हिरमुसलेल्या वडिलांनी महिनाभर खपून सगळी चासी हौसेने रंगवली होती.

ते चहाला आत गेल्यावर हेरंबने गुपचूप तेवढाच रंग खरवडला. चावी फिरवताच इंजिन धडधडलं. वडील धावत बाहेर आले. "काय झालं होतं रे?"

"माझंच वायरिंग चुकलं होतं, अण्णा."

अण्णांनी जमिनीवरचा हिरवा भुगा पाहिला आणि पॉलिशपेपर उचलला. "सरक. टेललाइटच्या बोल्टखालीही मी रंगाचे तीन हात मारलेत."