देवाचं पहिलं फळ

आयोडीन टाकलं तरी सफरचंदाची फोड पांढरीच राहिली. चिझुरूने दुसरी फोड कापून बघितली, तीही पांढरीच. कच्ची फोड आयोडीनने काळीभोर होते. पांढरी राहिली म्हणजे आत साखर भरली. आज-उद्या तोडणी झाली नाही, तर सगळं पीक भुसभुशीत होणार.

आणि सासूबाई तर झाडाला शिडी लावू देईनात. पहिलं फळ झाडाने स्वतः खाली टाकायचं, ते इवाकी डोंगराच्या देवापुढे ठेवायचं, मगच तोडणी. चिझुरू लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंचा हा नेम चुकला नव्हता. रोज सकाळी त्या झाडांखाली वाकून बघत आणि रिकाम्या हाताने परत येत.

"यंदा देव रुसलाय की काय गं?"

चिझुरू खाली मान घालून मिसोचं सूप ढवळत राही. देव कशाला रुसतोय! गेल्या वर्षी वादळाने अर्धी बाग जमिनीवर आणली होती. म्हणून यंदा सासूबाई बहिणीकडे गेल्या असताना तिने फळ देठाला धरून ठेवणारं औषध फवारलं होतं. फळ आतून पिकत होतं, पडत मात्र नव्हतं. हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने कडेच्या झाडाचं एक फळ तोडून खिशात लपवलं. गुपचूप मधल्या झाडाखाली ठेवून यायचं. देवा, एवढं पोटात घाल, असं पुटपुटत ती पुढे गेली, तर सासूबाई आधीच तिथे. धापा टाकताहेत, केसांत पानंच पानं, हातात लालबुंद सफरचंद.

"पडलं गं एकदाचं!"

"पण आई, वारा तर अजिबात नाही."

"देवाला वारा कशाला लागतो? झाडाला गदागदा हलवणारं कुणी असलं की झालं."

बागेच्या कडेला देवाची छोटी देवळी होती. दोघी तिच्यापुढे बसल्या. सासूबाईंनी फळ ठेवून हात जोडले. चिझुरू त्या हातांकडे बघतच राहिली. बोटांची टोकं आयोडीनने तपकिरी झाली होती.

"तुझं औषध भारी चिवट हो," सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "खांदा भरून आला माझा. आणि ते खिशातलं आपण दोघी खाऊ. देवाला दाखवू नकोस, हाताने तोडलेलं लगेच ओळखतो तो."