तिरका टाका

डॉमनिकने सालोमीचं उजवं मनगट पाट्यावर दाबून धरलं आणि वरवंटा घातला. दोन घाव. पहिल्या घावाला हाडांचा आवाज आला, दुसऱ्याला तिचा.

"बाबांचा कोट कापलास," तो म्हणाला. "आता शिव."

चुलीपाशी त्याची आई आग्नेस बोंयट माशाचे खवले काढत होती. तिचा डावा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. तो काळा कोट तिनेच आठ दिवसांपूर्वी आपल्या पेटीतून काढून सुनेच्या मांडीवर टाकला होता. गोधडीतल्या विहिरीला काळं पाणी हवंय ना तुला, हा घे, असं म्हणाली होती. आता एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. सालोमी जमिनीवरून तिच्याकडे बघत राहिली. आग्नेसने खवले राखेत टाकले आणि हात धुतले.

डॉमनिकचा बाप गेला तेव्हा डॉमनिक चार वर्षांचा होता. बापाच्या अशा त्याच्यापाशी दोनच वस्तू होत्या, एक फोटो आणि तो कोट. सणाला तो आईची पेटी उघडून कोटावरून हात फिरवायचा.

ही एक्कावन्न सालची गोष्ट. त्या वर्षी सालोमी एक गोधडी करत होती, पण पांघरायची नव्हे. तिच्यावर गास गावातली त्यांची वाडी होती. जुन्या लाल लुगड्याची जास्वंद, गोणपाटाची वाट, पाचूबंदरहून आणलेल्या फाटक्या जाळ्याचा मांडव, त्यावर चहाच्या पुड्यातल्या चांदीचं ऊन. बांधाला शिंपल्या टाचलेल्या. मधोमध विहीर. शेजारची रिटा हसून म्हणाली होती, बाई गं, हिच्यावर कुणी झोपलं तर सकाळी पाठीवर समुद्र उमटेल. पण फादरनी ती पाहिली आणि सणाला देवळासमोरच्या मांडवात टांगायची ठरवली. सालोमीचं केलेलं काही चार लोकांसमोर लागणार, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. सणाला बारा दिवस होते. गोधडी विहिरीपर्यंत आली होती.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. तीन बोटं सरळ होणार नाहीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सालोमीने गोधडी चुलीपाशी ओढत नेली. एक कोपरा आत सारणार, एवढ्यात आग्नेस तिच्यासमोर येऊन बसली. तिने सुई ओवली आणि सुनेच्या डाव्या हातात दिली. तिची बोटं धरून तिने पहिला टाका घालून घेतला.

आग्नेस डावखुरी, हे गावाला माहीत होतं. पोरं तिला डावरी आजी म्हणत आणि ती कोयत्याने नारळही डाव्याच हाताने सोलायची. तिच्या वयाच्या बायका मात्र तो शब्द कधी वापरत नसत.

अकरा दिवस डॉमनिक वाडीत गेला की दोघी शिवत. सुई बोटात घुसे, ठिगळावर रक्ताचे ठिपके पडत आणि आग्नेस त्यावर शिंपली टाचून टाके. सणाच्या आदल्या दिवशी काम संपलं. सालोमीने गोधडी भिंतीला लावली आणि तिचा चेहरा उतरला. ठिगळाच्या कडेचा टाका तिरका पडतो. उजव्या हाताचा एकीकडे झुकतो, डाव्याचा दुसरीकडे. विहिरीपर्यंतचे टाके एका दिशेने आले होते आणि तिथून सगळे उलटे फिरले होते. मांडवातल्या प्रत्येक बाईला ते कळणार होतं. हात कुठे मोडला, ते गोधडीवर बोट ठेवून दाखवता आलं असतं.

"उसवते," सालोमी म्हणाली.

तेवढ्यात डॉमनिक दारात आला. त्याने भिंतीवरची विहीर पाहिली. कोटाच्या बाह्याही आता त्या पाण्यात गेल्या होत्या. कोपऱ्यातून वरवंटा उचलून त्याने सालोमीचा डावा हात धरला आणि तिला पाट्याकडे ओढलं.

आग्नेस पाट्यावर जाऊन बसली.

"कोट मी दिला," ती म्हणाली. "त्या दिवशी बोलायला हवं होतं. भ्याले. खुंटीवर नुसता लटकत असायचा तेव्हाही भ्यायचे त्याला."

"बाजूला हो, आई."

ती उठली, पण बाजूला झाली नाही. त्याच्या खाटेवरची जुनी गोधडी तिने ओढून आणली. ती लग्नाआधी माहेरी शिवायला घेऊन इथे पुरी केलेली. डॉमनिक लहानपणापासून तिच्याखाली झोपत आला होता. दुसरी कुठली त्याला चालत नसे. आग्नेसने ती भिंतीवरच्या गोधडीशेजारी अडकवली.

"उद्या मांडवात दोन्ही लागतील. अशाच, शेजारी."

डॉमनिक बघत राहिला. जुन्या गोधडीचे टाके अर्ध्यापर्यंत एका दिशेने आले होते आणि तिथून उलटे फिरले होते. त्याच्या हातातला वरवंटा खाली आला.

"पण तू तर डावखुरी ना?" त्याने विचारलं.

"तू पोटात होतास ना," आग्नेस म्हणाली, "तेव्हा झाले."