बिनसहीचा अग्रलेख

ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाच्या एका साप्ताहिकाला शंभर वर्षं पुरी होत होती आणि त्याचा इतिहास नवे संपादक ड्रमंड लिहीत होते. तिथले अग्रलेख कायम बिनसहीचे; कुठला कुणाचा, कळायला मार्ग नाही. म्हणून नाइलाजानं ते साप्ताहिकाच्या निवृत्त टंकलेखिका मिस हॅलम यांच्या दारात उभे राहिले. बाईंनी 'या, बसा' म्हटलं नाही. चहाचं तर नावच नाही.

"आमचे जुने संपादक सर ऑब्री यांनी बावीस वर्षं अग्रलेख लिहिले. काय धार! मंत्री चळाचळा कापायचे," जुना अंक पुढे करत ड्रमंड म्हणाले. "पण हा एक भलताच. म्हणे, बायकांना राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. ना मुद्दा, ना भाषा! कुण्या टिनपाटानं खरडलाय, तेवढं नाव सांगा. बाकी तुम्हाला काय विचारणार? तुम्ही आपल्या सांगतील ते बडवायचात."

मिस हॅलमनी चष्मा लावून तारीख पाहिली.

"हा सर ऑब्रींचाच."

"शक्यच नाही! बाकीच्या अग्रलेखांशी एक ओळ तरी जुळते का याची?"

बाई दार लावता लावता म्हणाल्या, "कशी जुळेल? त्या आठवड्यात मी तापानं फणफणले होते."