उस्ताद रफअतांची तोबा

मक्केची उमरा यात्रा करून अलेक्झांड्रियाला परतल्या परतल्या उस्ताद रफअतांनी जाहीर केलं, "आजपासून या घरात चोरीची वस्तू नाही!" निवृत्त मास्तरांच्या घरात चोरीचं असणार तरी काय, हे बायकोला कळेना. ते होतं कॉम्प्युटरमध्ये. वीस वर्षं ज्यावर त्यांनी प्रामाणिकपणाचे धडे टाइप केले, ते ऑफिस सॉफ्टवेअर नाक्यावरच्या दुकानदार वगदीनं क्रॅक करून दिलेलं होतं.

"एवढंच ना, बाबा?" मुलगी इब्तिसाम हसली. "तेच सगळं काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि हलाल!"

तिनं दहा मिनिटांत ते घालून दिलं. जुने धडे उघडले, अरबी अक्षरं नीट उमटली, आणि 'ही कॉपी अस्सल नाही' म्हणून रोज दटावणारी लाल पट्टीसुद्धा गेली.

उस्तादांचा जीव मात्र थाऱ्यावर येईना. त्या पट्टीशिवाय त्यांनी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. चार दिवस कसेबसे काढले, आणि पाचव्या दिवशी आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही असं बघून ते वगदीच्या दुकानात शिरले.

"हाजी, तुम्ही तर चोरीच्या मालाची तोबा केलीत म्हणे!"

"केलीय रे बाबा. नवं सॉफ्टवेअर छान आहे, फुकटही आहे. पण कोण कुठली माणसं ती, उगाच फुकट वाटतायत. त्यांचा काय भरवसा? तू आपला घरचा माणूस." उस्ताद काउंटरवर वाकून कुजबुजले,


"त्या नव्याचीच क्रॅक केलेली कॉपी असेल तर दे."